ताप असलेल्या मुलीला धावायला लावू नका
क्रीडा आयुक्तांना माथेरानच्या पायथ्यावरून खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडापीठ, म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे.

विषय: लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींचे सर्दी, ताप, खोकले.

महोदय,



नेरळहून माथेरानला जाणारा घाटरस्ता टॅक्स्या सुरू होण्याआधी धावणाऱ्यांचा असतो. आठेक किलोमीटरमध्ये सुमारे सातशे मीटर चढ. शनिवार-रविवारी मुंबई-कल्याण-बदलापूरकडची मंडळी मॅरेथॉनच्या तयारीला येतात. मधल्या दिवसांत दिसतात त्या इथल्या मुली. कुणी पोलीस भरतीसाठी पळते, कुणी शाळेच्या क्रॉस कंट्री संघात असते, कुणाला धावपटू कविता राऊतसारखं व्हायचं असतं. डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या पोरीही त्यांत असतात. जून उलटला की ढग घाटाच्या माथ्यावरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत उतरतात, धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि घोळक्यातली एखादी तरी मुलगी खोकत असते. तिला हमखास ऐकवलं जातं, "सर्दीच आहे ना, घाम निघाला की उतरेल." हंगामात पुन्हा आजारी पडली की ऐकवलं जातं, "ही नाजूक आहे, लांबच्या पल्ल्याला टिकायची नाही."

मी शारीरिक शिक्षण शिकवण्यात हयात घालवली आहे, आणि ही दोन्ही वाक्यं माझ्या व्यवसायबंधूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेत की आता त्यांच्याविषयी जाहीरपणे लिहावंसं वाटलं. आपल्याला अशासाठी की या मुली आजारी पडतात त्यात धावण्याचा वाटा लहान आहे. मोठा वाटा ताटाचा, झोपेचा, निवासाच्या खोलीचा आणि स्पर्धांच्या वेळापत्रकाचा आहे. यातलं बरंच काही आपल्या एका परिपत्रकाने बदलू शकतं.

२०१६ सालचं रिओ ऑलिंपिक आठवा. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. आपण सगळे त्या आनंदात होतो. त्याच संघातली सुधा सिंग मायदेशी परतली ती आजारी होऊन. बेंगळुरूच्या रुग्णालयात तिला एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, झाल्याचं निदान झालं. रिओत तिच्यासोबत राहिलेल्या ओ. पी. जैशाची चाचणीही काही दिवसांत पॉझिटिव्ह आली. त्याच निवासात नाशिकची कविता राऊतही होती. जैशा म्हणजे तीच, जी मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडून कोसळली होती. तिला वाटेत पाणी मिळालं की नाही, यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला, चौकशीची भाषा झाली. देशातल्या सर्वोत्तम लांब पल्ल्याच्या धावपटूंपैकी दोघींना एकाच सुमारास एकच विषाणू गाठतो, यावर मात्र बातमीपलीकडे काही झालं नाही. मला पाण्याच्या वादापेक्षा हा मुद्दा मोठा वाटतो. पाण्याचं टेबल मांडलं की तो प्रश्न मिटतो. विषाणूचा प्रश्न दर पावसाळ्यात, दर शिबिरात, प्रत्येक वसतिगृहात नव्याने उभा राहतो.

आणि हे भारतीय मुलींच्या नाजूकपणाचं लक्षण म्हणावं, तर तसंही नाही. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सगळ्या देशांच्या वैद्यकीय पथकांनी मिळून आजारांची नोंद ठेवली. दर हजार खेळाडूंमागे महिलांमध्ये ८६ आजार निघाले, पुरुषांमध्ये ५३. एकूण आजारांपैकी ४१ टक्के श्वसनमार्गाचे होते. रिओत हे प्रमाण ४७ टक्के झालं आणि तिथेही महिलांचं पारडं जड राहिलं. जगातल्या सर्वांत कणखर स्त्रिया जिथे जमतात तिथली ही गोष्ट. तेव्हा "पोरी नाजूक" हे उत्तर बाजूला ठेवून कारण शोधायला हवं.

फार धावलं की सर्दी होते, ही समजूत धावपटूंमध्ये जुनी आहे आणि तिला आधारही आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आफ्रिकेतल्या पीटर्स आणि बेटमन या संशोधकांनी केप टाउनच्या ५६ किलोमीटरच्या 'टू ओशन्स' शर्यतीनंतर दीडशे धावपटूंची विचारपूस केली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्यापैकी तेहतीस टक्क्यांना सर्दी-घशाचा त्रास झाला होता. न धावलेल्यांमध्ये तो पंधरा टक्क्यांना. पुढे डेव्हिड नीमन यांनी १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधल्या दोन हजारांहून अधिक धावपटूंना विचारलं. शर्यत पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के पुढच्या आठवड्यात आजारी पडले. तितकाच सराव करूनही शर्यतीत न उतरलेल्यांपैकी जेमतेम २ टक्के. यातून 'उघड्या खिडकी'ची कल्पना आली. लांब आणि जोरदार श्रमानंतर काही तास, कधी दोन-तीन दिवस, रक्तातल्या संरक्षक पेशी घटलेल्या दिसतात, लाळेतलं आयजीए हे नाका-घशाचं रक्षण करणारं प्रथिन कमी होतं, आणि त्या मुदतीत जंतू आत शिरतात, अशी ती मांडणी. आपले कितीतरी प्रशिक्षक आजही एवढंच शिकलेले आहेत.

त्यानंतर विचार पुढे गेला. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी २०१८ मध्ये या कल्पनेवरच बोट ठेवलं. श्रमानंतर रक्तातल्या पेशी कमी दिसतात, कारण त्या फुप्फुसांत, आतड्यांत, जिथे पहारा लागतो तिथे जाऊन बसलेल्या असतात; त्या नष्ट झालेल्या नसतात, असा त्यांचा युक्तिवाद. शिवाय शर्यतीनंतर जे खोकतात त्यांतल्या सगळ्यांना जंतुसंसर्ग असतोच असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अशा तक्रारी घेऊन आलेल्या खेळाडूंचे नमुने तपासले, तर एकतृतीयांशापेक्षा कमी वेळा जंतू सापडला. सगळे तज्ज्ञ कॅम्पबेल-टर्नर यांच्याशी सहमत नाहीत; २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहिलेला वादसंवाद प्रसिद्ध आहे. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजू बऱ्याच जवळ येतात. शर्यतीच्या आगेमागे माणूस फक्त धावत नाही. तो गर्दीत उभा राहतो, रात्रीचा प्रवास करतो, कमी झोपतो, वेळी-अवेळी खातो, निकालाच्या धास्तीने जागतो. आजार यातूनही येतो, कदाचित जास्त यातूनच येतो.

नीमन यांचंच दुसरं काम आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि ते तर स्त्रियांवरच केलेलं आहे. १९९३ च्या एका अभ्यासात ६७ ते ८५ वर्षं वयाच्या बायकांना बारा आठवडे चालायला लावलं. बैठ्या राहणीच्या बायकांपैकी निम्म्यांना त्या काळात सर्दी झाली, चालणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना. त्यांच्याशी तुलना करायला घेतलेल्या, वर्षानुवर्षं नेमाने स्पर्धेत उतरणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी फक्त ८ टक्क्यांना. म्हातारपणीही स्पर्धेत उतरणाऱ्या बायका सर्वांत कमी आजारी. मग सतरा वर्षांची आपली मुलगी दर महिन्याला का खोकते?

सतरा वर्षांच्या त्या मुलीचं ताट बघा. हिशेब साधा आहे. ४५ किलोची मुलगी, अंगातली चरबी वजा केली तर ३६ किलो. रोजच्या देहव्यवहाराला, म्हणजे वाढ, पाळी, हाडं, प्रतिकार यांना, या ३६ किलोंपैकी दर किलोमागे सुमारे ४५ कॅलरी हव्यात असं मानतात. ते झाले १६२०. ती १२ किलोमीटर धावली तर आणखी साधारण ५४० त्यात गेले. म्हणजे तिच्या पोटात रोज २१५० च्या आसपास कॅलरी पडायला हव्यात. हा आकडा १६०० वर आला, तर धावण्याचा खर्च वजा जाता देहाला किलोमागे सुमारे ३० च उरतात, आणि तिथून शरीर काटकसर सुरू करतं. सगळ्यात आधी ज्याच्यावाचून आजचा दिवस निभतो ते बंद करतं. पाळी लांबते, मग थांबते. हाडं विरळ होतात. घशाचं संरक्षण ढिलं पडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातल्या सापेक्ष ऊर्जा-तुटवड्याचं नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरचं निवेदन पुन्हा सुधारलं. जपानमध्ये अव्वल महिला खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात पाळी थांबलेल्या मुलींच्या लाळेत आयजीए कमी आढळलं आणि सर्दी-घशाच्या तक्रारी जास्त. रिओच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक खेळाडूंची जी पाहणी झाली तीत, आजारी कोण पडतं याचा अंदाज देणाऱ्या गोष्टींमध्ये महिलांचा ऊर्जा-तुटवडा सर्वांत ठळक निघाला.

आता आपल्या मुलीकडे या. तिला तुटवडा होण्यासाठी डाएट करण्याची गरज नाही. आपल्या घरांमध्ये शेवटी जेवणारी तीच असते. त्यात हंगामाची गंमत पाहा. तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा बहुधा ऑगस्टपासून सुरू होतात. तोच श्रावण. सोमवार आले, शनिवार आले, भाद्रपदात हरितालिकेचा निर्जळी उपवास आला, आणि विभागीय स्पर्धा तोंडावर येतात तेव्हा नवरात्राचे नऊ दिवस. आपल्याकडे फ्लूचा जोरही याच पावसाळी महिन्यांत असतो. मी कुणाला उपवास सोडा म्हणत नाही. मी स्वतः नवरात्र करते. पण प्रशिक्षकाला वहीत कुठेतरी ठाऊक असायला हवं की आज ही मुलगी उपाशी आहे. निर्जळी उपवासाच्या दिवशी घाट चढवू नये. बाकी उपवासांत नुसत्या साबुदाण्याने पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. दाणे, राजगिरा, दूध, ताक, केळी हवीत. हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही, विचारायची सवय लागते.

लोहाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. धावपटू मुलींचं लोह घामातून, पाळीतून जातं, आणि जोरदार सरावानंतर काही तास आतड्यातून लोह शोषलं जाण्याचं प्रमाणही घटतं. लोह कमी झालं की आधी वेग उतरतो, थकवा हटत नाही, मग आजारांशी झुंजण्याची ताकदही कमी पडते. आमच्या रायगडात सुकट-जवळा, नाचणी, वाल, हिरव्या पालेभाज्या यांची परंपरा आहे. वसतिगृहाच्या ताटात यातलं किती येतं, हे आपण एकदा अचानक जाऊन पाहावं. सूचना देऊन गेलात तर त्या दिवशी अंडीसुद्धा दिसतील.

आणखी एक भार असा की तो कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही. माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझं घेऊन हा डोंगर चढत आल्या. चौककडून रामबागेच्या वाटेने, नेरळकडून जुम्मापट्टीच्या अंगाने. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसात रानभाज्या, एरवी मोळी. सहनशक्तीचा खेळ म्हणतात तो हाच, फक्त त्याला पदक नाही. त्यांची मुलगी पहाटे धावून घरी जाते, तेव्हा सराव संपलेला नसतो. पाणी भरायचं असतं, जुलैत भातलावणीला वाकायचं असतं, धाकट्यांचं बघायचं असतं. प्रशिक्षकाच्या डायरीत त्या दिवशी लिहिलेलं असतं, 'हलका सराव, ५ किलोमीटर'. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, तेव्हा आपण तिच्या डोंगरातल्या पायपिटीचं कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण ती पायपीट श्रमच असते, आणि श्रमाचा हिशेब मांडताना ती धरावी लागते. 'आदिवासी मुली काटक असतात' या वाक्यामागे आपण त्यांच्या ताटाचा प्रश्न बरेचदा दडवतो.

झोपेबद्दल एकच सांगते. अमेरिकेत शेल्डन कोहेन यांनी दीडशेवर निरोगी स्त्री-पुरुषांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडून पाहिला. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात सर्दी झाली. आणि आपण स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलींना शाळेच्या एका वर्गात, सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून झोपवतो. खिडक्या बंद, कारण पाऊस. पाण्याची बाटली चौघींत एक. रिओत तर व्यवस्थित खाटा होत्या, तरी विषाणूने दोघींना गाठलं.

इथे माथेरानबद्दल थोडं, कारण गावाविषयीचा एक गैरसमज सरावाला घातक ठरतो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर आले तेव्हापासून माथेरान हवा खाण्याचं ठिकाण म्हणून नावाजलं. २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. मोटारी दस्तुरीलाच थांबतात. म्हणून लोक धरून चालतात की इथली हवा म्हणजे औषध. पावसानंतरच्या महिन्यांत ते खरंही आहे. पण मार्च ते मे, गर्दीच्या वेळी, दस्तुरी ते बाजार या रस्त्यावर घोड्यांच्या टापांनी जी धूळ उठते तीत वाळलेली लीदही असते. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो; जोरात धावणारी मुलगी शंभरच्या आसपास, आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी सोडून. त्यातून सारख्या उंचीच्या पुरुषापेक्षा बाईच्या श्वासनलिका अरुंद असतात. अशा धुळीत तासभर धावल्यावर येणारा खोकला दम्याच्या जातीचा असू शकतो, जंतूचा नव्हे. पावसाळ्यात ओल्या भिंतींवरची बुरशीही हेच करते. त्याला प्रतिजैविक देऊन काही होत नाही. श्वसनाची चाचणी करून, लागल्यास फवाऱ्याचं औषध देऊन होतं. घोडेवाल्यांवर माझा राग नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. सराव पहाटे करावा आणि आतल्या झाडीतल्या वाटांवर करावा, एवढंच.

खोकल्यावरून सर्वांत काळजीचं. औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते कायम बंदी असलेलं द्रव्य आहे, स्पर्धा असो की नसो. साल्ब्युटामॉल फवाऱ्याने ठरावीक मर्यादेत चालतं, पण तेच गोळीतून किंवा सिरपमधून घेतलं तर बंदी. तोंडाने घेतलेली स्टिरॉइडं स्पर्धेच्या काळात बंद. चोंदलेल्या नाकासाठीच्या गोळ्यांमधल्या स्यूडोएफेड्रीनला स्पर्धेत मर्यादा आहे. म्हणजे खेड्यातली एक मुलगी, आईने दुकानातून आणलेली बाटली दोन चमचे पिते आणि राज्य स्पर्धेत नमुना द्यायला जाते. तिने काहीही वाईट केलेलं नाही आणि तरी तिच्या नावापुढे डाग लागू शकतो. ही माहिती मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावी, ही काही मोठी मागणी नाही.

मी काय मागते आहे ते आता सरळ लिहिते. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असलेल्या मुलीला धावायला लावू नये, कोणत्याही निवड चाचणीत नाही, कोणत्याही अंतिम शर्यतीत नाही. विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत जातो आणि त्या अवस्थेतले श्रम जिवावर बेततात. 'घाम निघाला की उतरेल' म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. नुसतं नाक गळत असेल तर हलकं धावायला हरकत नाही. ताप उतरल्यावरही जोराचा सराव हळूहळूच चढवावा. हे शक्य व्हायचं तर वैद्यकीय दाखला दिलेल्या मुलीला चाचणीची दुसरी तारीख मिळाली पाहिजे. आज ती मिळेल की नाही याची खात्री नसल्यामुळे मुलगी ताप लपवते. ताप लपवणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. बारा महिने राबून एका सकाळी वर्ष वाया जाणार असेल तर मीही लपवला असता.

शिबिरात आजारी मुलीसाठी वेगळी खोली असावी, आणि तिथे जाणं ही शिक्षा वाटू नये. सराव संपल्यापासून अर्ध्या-एक तासात खायला मिळावं, मग ते गूळ-दाणे आणि दूध का असेना. लांब सरावात वाटेतही काही गोड मिळालं की श्रमाने उसळणारी ताणाची संप्रेरकं आटोक्यात राहतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. राजगिऱ्याचा लाडू खिशात मावतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा हिमोग्लोबिन व शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासावं. फ्लूची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात द्यावी, कारण तिचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि आपला फ्लू पावसाबरोबर येतो.

आणि एक वही. प्रत्येक मुलीची, रोज दोन ओळींची. झोप किती, खोकला-ताप आहे का, उपवास आहे का, घरचं काम किती, पाळी कधी आली. ही वही बाईच्या हाती असावी, आणि मुलीच्या संमतीशिवाय तिसऱ्या कुणी पाहू नये. पाळी तीन महिने आली नाही की मुलीला डॉक्टरांकडे न्यावं. आज काही मैदानांवर पाळी थांबणं हे कडक सरावाचं लक्षण म्हणून मिरवलं जातं. ते थांबवा. जिथे महिला प्रशिक्षक नाही तिथे शाळेतली एखादी शिक्षिका हे काम करू शकते. मुलगी पुरुष प्रशिक्षकाला सांगणार नाही, आणि बहुतेक पुरुष प्रशिक्षक विचारणारही नाहीत. दोघांचाही संकोच मला समजतो, पण संकोचाची किंमत मुलगी देते.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. क्रीडावैद्यकातल्या अभ्यासांत सहभागी होणाऱ्यांमध्ये महिलांचं प्रमाण २०११ ते २०१३ या काळात ३९ टक्के होतं, असं एका आढाव्यात दिसलं. त्यांतल्या भारतीय, त्यातून पावसात सराव करणाऱ्या, उपवास करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या मुली शोधाव्याच लागतील. पुण्यात आपल्या क्रीडापीठापासून फार दूर नसलेली राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कर्जत, सुरगाणा, माण अशा तीन-चार तालुक्यांतल्या धावपटू मुलींच्या दोन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या गेल्या, तर आपल्या मुलींविषयी बोलताना केप टाउन आणि लॉस एंजेलिसचे आकडे उसने आणावे लागणार नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर यातल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, परवानगी लागते. आश्रमशाळांच्या मुली आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे आमच्या भागापुरती या पत्राची एक प्रत पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयालाही पाठवते आहे. दोन खात्यांच्या मध्ये खोकणारी मुलगी अडकू नये.

पुढच्या हंगामाचं परिपत्रक उन्हाळ्यातच तयार होत असेल. बाकीचं जमेल तेव्हा करा, पण त्यात एवढं एक कलम यंदाच घाला: आजारी खेळाडूची निवड चाचणी वैद्यकीय दाखल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा घेतली जाईल, आणि तोवर तिची जागा राखीव राहील.



आपली,
नेरळची एक निवृत्त क्रीडाशिक्षिका